गणेशखिंड नाशिकपासून किती लांब?

जून २०१६. पहाटे पाचला नाशिकच्या द्वारका चौकात आम्ही तिघं पुण्याच्या एसटीची वाट बघत उभे होतो. मी, माझी एक विद्यार्थिनी आणि तिचे वडील. ते दोघं सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरून आदल्या दिवशी दुपारीच निघाले होते आणि रात्री पंचवटीत नातलगांकडे मुक्कामाला राहिले होते. मुलगी बी.ए. झाली होती. परीक्षेचा अर्ज भरताना तिच्याच हातून वडिलांच्या नावातलं एक अक्षर चुकलं, ते तसंच पदवी प्रमाणपत्रावर उतरलं, आणि आता बी.एड.च्या प्रवेशासाठी जातीच्या दाखल्यावरचं नाव जुळत नव्हतं. माझी त्याच दिवशी गणेशखिंडीला, म्हणजे पुणे विद्यापीठात, बैठक होती, म्हणून म्हटलं, चला, बरोबरच जाऊ. गाडीत चढायच्या आधी वडिलांनी एकच विचारलं, “बाई, सांजच्या गाडीनं माघारी येता येईल ना? दोन दिवसांची मजुरी गेली, तिसऱ्याची नको जायला.”

मोहदरीचा घाट चढून सिन्नरला उजाडलं. संगमनेरला चहा झाला. पुढे चंदनापुरीचा घाट, बोटा, आळेफाटा, नारायणगाव, मंचर, खेड. रस्ता चौपदरी करण्याचं काम तेव्हा चालू होतं, त्यामुळे जागोजागी गाडी खाली उतरायची आणि पुन्हा वर चढायची. चाकणला कारखान्यांच्या बसगाड्या आणि ट्रेलर यांच्या रांगेत अडकलो ते अडकलोच. मुलीचे वडील दर पाच मिनिटांनी खिडकीतून वाकून पुढे बघत आणि काही न बोलता परत टेकून बसत. शिवाजीनगरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. तिथून पीएमपीच्या बसने युनिव्हर्सिटी गेट, गेटपासून चालत परीक्षा विभाग. खिडकीपलीकडच्या बाईंनी मूळ कागद तपासले, अर्ज कसा लिहायचा ते नीट समजावून सांगितलं, प्रती जोडून घेतल्या, शुल्काची पावती दिली. दुरुस्त प्रमाणपत्र पोस्टाने घरी येईल म्हणाल्या. सगळं मिळून पंचवीस मिनिटं लागली.

बैठकीला वेळ होता म्हणून मी दोघांना परिसर दाखवायला नेलं. मुख्य इमारतीचा मनोरा, वडाची ती अवाढव्य झाडं, मग जयकर ग्रंथालय. दारातून आत दिसणाऱ्या कपाटांच्या रांगांकडे ती मुलगी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “मॅडम, इथे येऊन वाचायचं असेल तर काय करावं लागतं?” मी सांगायला लागले. ती मनातल्या मनात हिशेब करत होती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तीनच्या सुमारास मी त्यांना शिवाजीनगरच्या बसमध्ये बसवून दिलं. ते नाशिकला पोचले तोवर रात्र झाली होती, सुरगाण्याची शेवटची गाडी केव्हाच निघून गेली होती. तिसऱ्या दिवसाची मजुरी बुडालीच.

पंचवीस मिनिटांच्या कामाला तीन दिवस. यात चूक कुणाची म्हणाल तर समोर बसलेल्या माणसांपैकी कुणाचीच नाही. खिडकीवरच्या बाई चांगल्या होत्या, एसटीच्या चालकाने शक्य तेवढी गाडी हाणली, मुलीच्या हातून चुकलेलं अक्षर कुणाच्याही हातून चुकतं. पण ज्या व्यवस्थेत सगळ्यांनी आपापलं काम बरोबर करूनही एका मजुराचे तीन दिवस जातात, ती व्यवस्था कुठेतरी चुकीची बांधली गेली आहे. नाशिक जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत मी अनेक वर्षं शिकवलं. पेपर तपासणीसाठी, बैठकांसाठी, विद्यार्थ्यांच्या व्हायव्हांसाठी गणेशखिंडीला किती हेलपाटे घातले, त्याची मोजदाद नाही. त्या सगळ्या हेलपाट्यांतून माझं एक मत पक्कं झालं आहे आणि तेच इथे मांडायचं आहे. नाशिकच्या मुलांना कागदासाठी गणेशखिंडीला जावं लागू नये, आणि पुस्तकासाठी, प्रयोगशाळेसाठी, गाइडसाठी, शिकण्यासाठी तिथे सहज जाता यावं. आज नेमकं उलटं आहे. कागदासाठी जावंच लागतं, आणि शिकण्यासाठी जाण्याची उमेद त्या रस्त्यातच संपते.

त्या जागेचा इतिहास बघितला तर हे काही आजचं दुखणं नाही. गणेशखिंडीतली ती देखणी इमारत विद्यापीठासाठी बांधलेलीच नव्हती. मुंबई प्रांताच्या गव्हर्नरांचा पावसाळी बंगला आधी दापोडीला होता. बार्टल फ्रीअर गव्हर्नर असताना १८६४ मध्ये गणेशखिंडीच्या बंगल्याचं काम सुरू झालं आणि १८७१ मध्ये ते पुरं झालं. मुंबई-पुणे रेल्वे तोवर आलेली होती, खडकीची छावणी हाकेच्या अंतरावर होती, गावापासून मुद्दाम दूर अशी ती जागा. म्हणजे तिथे कुणी यावं यापेक्षा कुणी येऊ नये, हाच त्या निवडीमागचा विचार. गणेशखिंड रोडवरून बग्ग्या जायच्या त्या साहेबांच्या. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव साजरा करून त्याच बंगल्यातून परतणाऱ्या रँडवर आणि आयर्स्टवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या, त्या याच रस्त्यावर. प्लेगच्या काळात घराघरांत शिरणारी ती सत्ता आणि तिच्या बंगल्याकडे जाणारा रस्ता यांचं नातं चापेकरांना नीट कळलेलं होतं.

स्वातंत्र्यानंतर तोच बंगला आणि भोवतालची जमीन विद्यापीठाला मिळाली. बाळासाहेब खेर तेव्हा मुंबई प्रांताचे प्रमुख होते. १० फेब्रुवारी १९४९ ला पुणे विद्यापीठ सुरू झालं, मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. आज चारशे एकरांहून मोठा तो परिसर आहे. गव्हर्नरसाहेबांच्या नृत्यदालनाचं नाव संत ज्ञानेश्वर सभागृह झालं. मला या बदलाचं फार अप्रूप आहे. ज्या दाराशी आपल्या आजोबा-पणजोबांना उभं राहू दिलं नसतं, त्या दारातून शेतकऱ्यांची पोरं पदव्या घेऊन बाहेर पडली. मालक बदलला, दार उघडलं. पण दारापर्यंतचा रस्ता मात्र बराचसा तसाच राहिला, पुण्यात राहणाऱ्याच्या सोयीचा.

नाशिकचा आणि उच्च शिक्षणाचा संबंध पुणे विद्यापीठाच्याही आधीचा आहे. हं. प्रा. ठा. महाविद्यालय १९२४ चं. कॉलेज रोड हे नाव आज दुकानांमुळे आणि खाण्याच्या ठिकाणांमुळे मुलांच्या तोंडी असतं, पण त्या नावातलं कॉलेज ते हे. तेव्हा ते मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. पुण्याला विद्यापीठ झालं तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातले बारा जिल्हे त्याच्याकडे आले. कारण उघड होतं. मुंबईचं विद्यापीठ सगळ्यांना पुरेनासं झालं होतं, विद्यापीठ माणसांच्या जवळ आणायचं होतं. हेच कारण पुढे पुन्हा पुन्हा मान्य झालं. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, धुळे आणि जळगाव तिकडे गेले. २००४ मध्ये एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी विद्यापीठ झालं. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं. नाशिक, नगर आणि पुणे तेवढे मागे राहिले. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांच्या वर आहे. पंधरा तालुके, त्यांतले सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर यांसारखे आदिवासीबहुल. सुरगाण्याच्या मुलीला आधी नाशिक गाठायचं, मग नाशिकहून दोनशे किलोमीटर पुणे.

हे वाचून कुणीही म्हणेल, मग नाशिकला स्वतंत्र विद्यापीठ मागा. अनेकजण मागतातही, आणि त्यांची तळमळ मला कळते. मीसुद्धा काही वर्षं हेच म्हणत असे. आता म्हणत नाही.

कारण विद्यापीठ म्हणजे नुसता कायदा, कुलगुरूंची खुर्ची आणि परीक्षा विभाग एवढंच असतं, तर ते कुठेही उभं करता येतं. गणेशखिंडीत ७५ वर्षांत जे साठलं आहे, ते कायदा करून नाशिकला आणता येत नाही. जयकर ग्रंथालय आणता येत नाही. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये त्या परिसरात आयुका उभी केली, चार्ल्स कोरियांनी तिची इमारत बांधली, देशभरातले खगोलशास्त्राचे विद्यार्थी तिथे येतात. शेजारी एनसीआरए, म्हणजे रेडिओ खगोलशास्त्राचं राष्ट्रीय केंद्र आहे, ज्याची मुळं गोविंद स्वरूप यांच्या कामात आहेत. तिथल्या झाडाखालच्या गप्पांमध्ये, रिफेक्टरीच्या टेबलावर, एखाद्या विभागाच्या बाहेर लावलेल्या व्याख्यानाच्या कागदी सूचनेत जे शिक्षण होतं, ते वर्षानुवर्षांच्या माणसांच्या वावरातून होतं. नाशिकने स्वतंत्र विद्यापीठ मागितलं तर नाशिकच्या मुलांना पदवी जवळ मिळेल, पण या सगळ्यावरचा हक्क हातून जाईल. आजही तो हक्क कागदावरच आहे, हे मान्य. पण कागदावरचा हक्क वापरात आणण्यासाठी भांडता येतं. सोडून दिलेल्या हक्कासाठी भांडायला तोंड उरत नाही.

मग कागदाचं काय? त्याचं उत्तर नाशिकमध्येच आहे, आणि ते ३५ वर्षांहून जुनं आहे. गंगापूर धरणाकडे जाताना गोवर्धनला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ लागतं. ते १९८९ चं. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद नाशिकच्या लोकांना फलकांवर वाचून वाचून पाठ झालं आहे. या विद्यापीठाची हद्द सगळा महाराष्ट्र. नांदेडच्या किंवा अमरावतीच्या विद्यार्थ्याने दर कामाला गोवर्धनला यावं, असं त्यांनी ठरवलं असतं तर मुक्त विद्यापीठ पहिल्या दोन वर्षांत बंद पडलं असतं. म्हणून त्यांनी आठ विभागीय केंद्रं काढली आणि गावोगावी अभ्यासकेंद्रं दिली. दुसरं, म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९८ चं. राज्यभरातले वैद्यकीय विद्यार्थी त्याच्याशी जोडलेले, म्हणून त्यांचीही मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर अशी विभागीय केंद्रं आहेत. म्हणजे सगळ्या महाराष्ट्राला सेवा देणारी दोन विद्यापीठं आपण नाशिककरांनी जवळून बघितली आहेत, अधिकार लांबवर पोचवायचा कसा ते आपल्या घरात ठाऊक आहे, आणि तरी आपली स्वतःची मुलं एका अक्षरासाठी पहाटे पाचला द्वारकेला उभी राहतात.

पुणे विद्यापीठाचं उपकेंद्र नाशिकला आहे. दिंडोरी तालुक्यातल्या शिवनईला त्याच्यासाठी जागा मिळाली, तिथे इमारत उभी राहिली. त्याचं स्वागत मी मनापासून करते. पण इमारत हे उपकेंद्राचं शरीर झालं. त्याच्या हातात काय आहे, हा खरा प्रश्न. नावातल्या दुरुस्त्या, मूळ कागदांची तपासणी, ट्रान्सक्रिप्ट, मायग्रेशन, पात्रता, पीएच.डी.च्या प्रगती अहवालाची सादरीकरणं, व्हायव्हा, ही सगळी कामं उपकेंद्रात शेवटपर्यंत पुरी व्हायला हवीत. ‘अर्ज इथे द्या, निर्णय पुण्याहून येईल’ असं झालं तर ती नुसती टपालपेटी होईल. सही करण्याचा अधिकार असलेला माणूस नाशिकला बसला पाहिजे. आणि दुसरं, शिवनईला जायचं कसं? नाशिक महापालिकेची सिटीलिंक बससेवा जुलै २०२१ मध्ये सुरू झाली, शहरात तिने बरीच सोय केली. पण सुरगाण्याहून, चांदवडहून, इगतपुरीहून येणाऱ्या मुलाच्या दृष्टीने बघा. तो शहराच्या स्टँडवर उतरणार, तिथून त्याने पुन्हा शहराबाहेर जायचं. उपकेंद्राची वेळ आणि बसची वेळ यांची सांगड घातली नाही, तर आपण गणेशखिंडीची अडचण उचलून दिंडोरी रोडवर आणून ठेवली, एवढंच होईल. म्हणून माझा आग्रह आहे की शहराच्या मध्यात, स्टँडपासून चालत जाता येईल अशा जागी, उपकेंद्राची एक खिडकी असावी. एखाद्या महाविद्यालयाच्या तळमजल्यावरची एक खोलीही पुरेल.

“आता सगळं ऑनलाइन झालंय” असं मला सांगितलं जातं. बरंच झालं आहे, हे खरं, आणि त्यामुळे हेलपाटे कमी झाले हेही खरं. पण ज्यांचं काम बिनचूक असतं त्यांचंच ऑनलाइन पार पडतं. ज्याचं नाव जुळत नाही, ज्याचं एक वर्ष मध्ये खंडित झालं, ज्याच्या गावात दुपारी वीज गेली की टॉवरही गप्प होतो, तो शेवटी कुणाच्यातरी समोर कागद घेऊन उभा राहतो. आणि तो बहुतेक वेळा पहिल्या पिढीचा शिकणारा असतो. त्याला संगणकापेक्षा ‘अर्ज असा लिही’ म्हणणाऱ्या त्या बाईंची गरज जास्त असते.

आता पुस्तकाकडे, म्हणजे जाण्याच्या वाटेकडे येते.

नाशिकहून पुण्याला थेट रेल्वे नाही, हे बाहेरगावच्या माणसाला सांगितलं तर पटत नाही. नकाशावर दोन्ही शहरं समोरासमोर. पण रेल्वेने जायचं तर मनमाड-दौंड असा वळसा किंवा कल्याण-कर्जत असा. हुतात्मा एक्स्प्रेस काही काळ नाशिकरोड-कल्याणमार्गे पुण्याला जायची, तिची आठवण माझ्या पिढीतले लोक अजून काढतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला नाशिकरोड स्टेशनपासून गावापर्यंत घोड्यांची ट्राम धावत होती. स्टेशन गावापासून लांब आहे, तर मधली वाट कुणीतरी जोडून द्यायला हवी, एवढं साधं गणित त्या काळी सुचलं होतं.

पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा आराखडा आला तेव्हा आम्ही शिक्षक मंडळी खूप आनंदलो होतो. सुमारे २३५ किलोमीटरचा मार्ग, चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर अशी स्टेशनं, दोन तासांच्या आत पुणे. मग अडचण उभी राहिली ती नारायणगावजवळ खोडदला. तिथे जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची प्रचंड रेडिओ दुर्बीण. अवकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी ती टिपते. विजेवर धावणाऱ्या गाड्यांच्या विद्युतचुंबकीय गोंगाटात तिला ते ऐकू येणार नाही. त्या कारणाने मूळ आखणी नामंजूर झाली आणि शिर्डी-अहिल्यानगरच्या बाजूने जाणारा पर्याय पुढे आला.

ही दुर्बीण कोण चालवतं? एनसीआरए. आणि एनसीआरएचं घर कुठे आहे? गणेशखिंडीत, त्याच विद्यापीठाच्या परिसरात. म्हणजे ज्या परिसराकडे आमची मुलं वेगाने जाणार होती, त्याच परिसरातल्या एका थोर कामासाठी ती वाट वळली. यावरून दुर्बिणीला नावं ठेवणारे लोक मी ऐकले आहेत, आणि मला त्यांचं मुळीच पटत नाही. जगातल्या मोजक्या दुर्बिणींपैकी एक आपल्या जुन्नर तालुक्यात आहे, ती राखलीच पाहिजे. रेल्वे दुसरीकडून नेता येते, अवकाशातली शांतता दुसरीकडून आणता येत नाही. पण मग वळलेल्या मार्गामुळे संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव, मंचर या पट्ट्यातल्या मुलांचं जे राहून गेलं, त्याची भरपाई करण्याची जबाबदारीही राज्याने उचलावी. विज्ञानासाठी त्याग कुणीतरी केला असेल तर तो या गावांनी केला आहे. त्यांच्या पोरांना त्या विज्ञानापर्यंत पोचवणारी चांगली बस तरी द्या.

कारण खरी गोष्ट अशी की रेल्वे होईल तेव्हा होईल. आज शिकणारी मुलं एसटीनेच जाणार आहेत. रस्ता २०१६ च्या मानाने पुष्कळ सुधारला, बायपास झाले, घाट सोपे झाले. चाकणचा फास मात्र सुटलेला नाही. नाशिक फाटा ते खेड ३० किलोमीटरच्या उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली, खर्च ७,८२७ कोटी. तो होईल तेव्हा फार मोठी सोय होईल. तोवर काय करता येईल, ते मला महत्त्वाचं वाटतं, कारण ते कोटींत मोजावं लागत नाही.

पूर्वी आम्ही शिवाजीनगरला उतरायचो, तिथून विद्यापीठ जवळ होतं. मेट्रोच्या कामासाठी ते स्टँड २०१९ च्या अखेरीला वाकडेवाडीला हललं. २०२० मध्ये विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल पाडला, हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोसाठी. ज्यांनी त्या काळात त्या चौकातून प्रवास केला, त्यांना शेवटचे दोन किलोमीटर पहिल्या शंभर किलोमीटरांपेक्षा जड गेले. आता एक चांगली गोष्ट झाली आहे आणि ती नाशिकच्या मुलांना कुणीतरी सांगायला हवी. एसटीने वाकडेवाडीपर्यंत जाऊच नका. भोसरी ओलांडल्यावर नाशिक फाट्याला उतरा. समोरच मेट्रोचं स्टेशन आहे, आपल्या नावाचं. तिथून शिवाजीनगरला बसून जा आणि मग विद्यापीठाची बस किंवा रिक्षा घ्या. खाली दापोडी-खडकीची वाहतूक तुंबलेली असली तरी तुम्ही वरून निघून जाता. मी गेल्या वर्षी असंच गेले आणि विद्यापीठाच्या गेटवर ताजीतवानी उतरले.

पण हे प्रत्येकाने आपापलं शोधून काढावं, हे बरोबर नाही. नाशिकहून सकाळी निघणारी आणि नाशिक फाट्यावरून खडकीमार्गे थेट विद्यापीठाच्या गेटशी थांबणारी एक एसटी का असू नये? संध्याकाळी ग्रंथालयाच्या वेळेचा विचार करून परत निघणारी दुसरी. तिला फार प्रवासी मिळणार नाहीत, असं सांगितलं जाईल. पंढरपूरला, सप्तशृंगीला, त्र्यंबकला यात्रेच्या जादा गाड्या सोडताना आपण असा हिशेब करत नाही. सिंहस्थ आला की नाशिकचे रस्ते रुंद होतात, पूल बांधले जातात, आणि ते व्हायलाच हवेत. विद्यार्थ्यांची यात्रा मात्र बारा वर्षांनी येत नाही, ती रोज चालू असते.

मुलींसाठी राज्याने बरंच केलं आहे. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एसटीत अर्धं तिकीट आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या अनेक मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. माझ्या वर्गातल्या मुली याने खरोखर पुढे गेल्या. पण पुण्याला जाऊन तीन दिवस वाचून यायचं म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो तो फीचा किंवा तिकिटाचा नसतो. “रात्री राहणार कुठे?” हा असतो. माझ्या हाताखाली एम.ए.चे प्रबंध लिहिणाऱ्या मुलींनी जयकरमध्ये न जाता, नाशिकमध्ये मिळतील तेवढ्याच पुस्तकांवर प्रबंध पुरे केले, आणि मी ते मान्य केले, कारण मला त्यांच्या घरची उत्तरं माहीत होती. हे लिहिताना मला वाईट वाटतं. संलग्न महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांसाठी, विशेषतः मुलींसाठी, गणेशखिंडीत तीन-चार रात्रींच्या मुक्कामाची हक्काची सोय हवी. वीस खाटांची एक खोली आणि जेवणाचं कूपन, एवढीच. महाविद्यालयाच्या पत्रावर जागा मिळावी. विद्यापीठ पदवीवर सावित्रीबाईंचं नाव छापतं, मुख्य इमारतीसमोर त्यांचा पूर्णाकृती पुतळा आहे. त्या शाळेत जायला निघायच्या तेव्हा वाटेत लोक शेणगोळे मारायचे, म्हणून त्या जास्तीचं लुगडं बरोबर ठेवायच्या, हे आपण दर ३ जानेवारीला भाषणांत सांगतो. त्यांचा त्रास वर्गातला नव्हता, वाटेवरचा होता.

ती सुरगाण्याकडची मुलगी बी.एड. झाली आणि आता एका आश्रमशाळेत शिकवते. परवा तिचा फोन आला. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या निमित्ताने खोडदची दुर्बीण लोकांना बघायला खुली असते आणि आयुकाही त्या सुमाराला शाळकरी मुलांसाठी दारं उघडते, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. नववीच्या बारा मुलींना न्यायचं आहे म्हणाली. आधी खोडद, मग पुणे, आणि जमलंच तर जयकर ग्रंथालय बाहेरून तरी. मी तिला नारायणगावला उतरून खोडदला कसं वळायचं ते सांगितलं, पुढे नाशिक फाट्याची मेट्रो सांगितली. तिने सगळं लिहून घेतलं, वेळा पुन्हा एकदा विचारल्या. मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली आहे, पालक तयार आहेत, गाडीभाड्याचं जमतंय. मुक्काम कुठे करायचा, ते अजून ठरलेलं नाही.